तीन गावं, बारा पॅटर्न आणि पापडाची खाट

महाबळेश्वरला जाऊन आलेला माणूस पुढचे चार दिवस स्ट्रॉबेरीबद्दल बोलतो. बदलापूरला जाऊन आलेला माणूस "उशीर झाला" एवढंच बोलतो आणि हातपाय धुवायला जातो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही काही प्रवासवर्णनाची गावं नव्हेत, हे मला मान्य आहे. तरीही अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये मी या तीन गावांत चार दिवस मुक्काम ठोकला, आणि तोही हौसेनं. निदान निघताना तरी हौस होती.

मी तेव्हा मुंबईत फोटोग्राफी शिकत होतो, दुसऱ्या वर्षाला. मूळचा कराडचा. तिथे माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्यात एका पडद्यावर ताजमहाल रंगवलेला होता. जन्मल्यापासून मी एकच मंत्र ऐकत वाढलो: "हनुवटी जरा वर, नजर इकडे, हं." या मंत्रापासून लांब जावं म्हणून मी मुंबई गाठली, पण हाताची खोड काही जाईना. आमच्या देवस्थळी सरांनी झाडाचा फोटो मागितला, तर माझ्या झाडाखाली माणूस उभा. दारांचे फोटो मागितले, तर प्रत्येक दारात एकेक म्हातारी. शेवटी सर वैतागले. म्हणाले, "पॅटर्न. बारा फोटो, ब्लॅक अँड व्हाइट. सहा निसर्गातले, सहा माणसानं केलेले. एकातही चेहरा दिसला तर तुझं वर्ष गेलं असं समज. मंगळवारी टेबलावर हवेत."

त्याच आठवड्यात बाबांचं पोस्टकार्ड आलं. "वर्ष जाणार असेल तर उगाच तिथे राहू नकोस. लग्नसराई तोंडावर आहे. ताजमहालाला नवा रंग दिला आहे." ताजमहाल पुन्हा पाहायची माझी अजिबात तयारी नव्हती.

शुक्रवार, उल्हासनगर

ही गावं निवडायचं कारण बनसोडे काका. काका कराडकडचेच. अंबरनाथला कारखान्यात नोकरी आणि राहायला उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, एका जुन्या बराकीतल्या दोन खोल्यांत. "पॅटर्न का काय म्हणतोस ते आमच्याकडं पोत्यानं मिळंल, ये तू," असं त्यांनी कळवलं होतं.

घरात शिरल्याबरोबर बुद्धांच्या तसबिरीशेजारी काका-काकींच्या लग्नाचा फोटो दिसला. तो माझ्या बाबांनी काढलेला. काकी सुरेख दिसत होत्या. काकांचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते.

"वीस वर्षं झोपलेत बघ भिंतीवर," काकी म्हणाल्या.

"तुझ्या बापाचा फ्लॅश लई कडक होता," काका म्हणाले. "माणूस आंधळा व्हायचा. माझी काय चूक न्हाई त्यात."

शेजारी गोपीबाई राहायच्या. सिंधी, साठीच्या आतबाहेर, आणि घरचा धंदा पापडांचा. वीस वर्षांच्या शेजारानं काका त्यांना सिंधीत 'अदी' म्हणजे ताई म्हणत आणि त्या काकांना 'अदा' म्हणत. मी ओळख करून घ्यायला गेलो तर काही बोलायच्या आधी माझ्यापुढे भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास आला. कराडला आलेल्या माणसाला गूळपाणी देतात, ते एकदा दिलं की संपलं. इथे तसं नव्हतं. कॅमेऱ्याचा पट्टा विसरलो म्हणून परत गेलो, पुन्हा पापड. उजेड मोजायचा लाइट मीटर विसरलो म्हणून गेलो, पुन्हा पापड. चौथ्या खेपेला मी उंबऱ्याबाहेरूनच हात लांब केला, तर त्या हातात पापड आला.

अंगणात सहा खाटा आणि त्यांच्यावर पापड. रांगेत, एकसारखे, एकाची कड दुसऱ्याला न लावता ठेवलेले. खाली खाटेच्या दोऱ्यांची वीण. मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि फ्रेममध्ये गोपीबाई आल्या. ओढणी नीट करून, हात जोडून.

"अदी, तुम्ही नको, नुसते पापड," मी म्हणालो.

"मैं नहीं? तो फोटो किसका?"

"पापडांचा."

त्यांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "पुट, बेटा, पापड खाने का होता है. बनसोडे अदा, ये लड़का सुबह कुछ खाया क्या?"

मी माझ्याकडचा छत्तीस फोटोंचा रोल कॅमेऱ्यात भरत असताना गोपीबाईंची नजर रोलच्या रिकाम्या डबीवर गेली. ती काळी, घट्ट झाकणाची, प्लास्टिकची डबी त्या काळी कुणाच्या नजरेतून सुटत नसे. कराडला आमच्या स्टुडिओत लोक फोटो न्यायला विसरत, पण डबी मागायला विसरत नसत. "इलायची के लिए एकदम बराबर," गोपीबाई म्हणाल्या. चार पापड खाल्लेला माणूस नाही कसं म्हणणार? मी डबी दिली. पुढचं सगळं रामायण या डबीपायी घडलं, पण तेव्हा मला काय माहीत.

दुपारी काकांनी मला कपड्यांच्या बाजारात नेलं. कापडाच्या ताग्यांचे ढीग, टांगलेल्या विजारी, हँगरमागे हँगर. मी रस्त्याच्या मध्यावर उभा राहून ट्रायपॉड लावला. माझ्या कळकट झोळीतून मीटर काढला आणि हवेत धरला. एवढ्यात कुणीतरी ओरडलं, "म्युन्सिपाल्टीवाले आये, नाप ले रहे हैं!" बाहेर मांडलेला माल सरासर आत गेला. एकामागून एक शटरं खाली आली. दोन मिनिटांत अख्खी गल्ली बंद.

काका हात जोडून एकेका शटरवर थापा मारत फिरले. "साईं, अपना ही बच्चा है. कॉलेज का है. उसको कुछ समझता नहीं." या शिफारशीवर एक शटर वीतभर वर झालं, त्यातून एक चेहरा डोकावला, मीटरकडे पाहून पुन्हा आत गेला. तोपर्यंत मी त्या बंद शटरांच्या आडव्या पट्ट्यांचे पाच फोटो घेतले होते. उन्हं तिरपी होती आणि पट्टी न पट्टी उठून दिसत होती. एकही माणूस फ्रेममध्ये नाही. सरांना हवा होता तसा पॅटर्न मला पहिल्यांदा मिळाला, आणि तो सगळ्या गल्लीचा धंदा बंद पाडून.

शनिवार, अंबरनाथ

काकांनी माझ्यासाठी तीन दिवसांची रजा टाकली होती. सकाळी शिवमंदिरात गेलो. देऊळ काळ्या दगडाचं, आणि शिखरावर एकच आकार लहान होत होत वर चढत जातो. मी मान मोडेपर्यंत वर पाहत होतो. काकांनी बाहेरच्या टपरीवर चहा घेतला आणि ओळखीच्या दोघांना "जयभीम" घालून गप्पा सुरू केल्या.

मी भिंतीला नेम धरला, मीटर बघायला मान खाली घातली आणि वर पाहिलं तर एक कुटुंब येऊन नेमकं त्या भिंतीपुढे उभं. नवरा, बायको, सासू, तीन मुली, सगळ्यात धाकटीच्या हातात बेलाची पानं. कुणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही. कॅमेरा दिसला, म्हणून ते उभे राहिले. बाप पोट आत घेऊन श्वास रोखून होता.

मला एकेक फोटो जपून वापरायचा होता. म्हणून मी स्टुडिओवाल्यांची एक वाईट युक्ती केली. कॅमेरा डोळ्याला लावला, बटणाला हात न लावता तोंडानंच "टक" केलं आणि म्हणालो, "झाला." बापानं श्वास सोडला. सासूनं मला आशीर्वाद दिला. फोटो पाठवाल ना, म्हणून बापानं पत्ता लिहून दिला.

ते गेल्यावर पाहतो तर काका मागे उभे, हातात चहाचा ग्लास.

"रोल फिरवला न्हाईस तू," ते म्हणाले.

"काका, मला बारा पॅटर्न हवेत. माणसं नकोत."

"तुझ्या बापानं माझा डोळं मिटलेला फोटू काढला, पण खरा काढला." एवढं बोलून ते चहा प्यायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धावत पायऱ्यांपर्यंत गेलो, त्या कुटुंबाला थांबवलं, म्हटलं, उजेड नीट नव्हता, पुन्हा काढू. बापानं पुन्हा श्वास रोखला. या वेळी मी बटण दाबलं.

दुपारी मोरिवलीला गेलो. गावाला लागूनच कारखान्यांचं कुंपण. कुंपणापलीकडे पत्र्याची छपरं आणि अलीकडे एका घराची लांबलचक भिंत गोवऱ्यांनी भरलेली. प्रत्येक गोवरीवर पाच बोटांचा ठसा. असा पॅटर्न परदेशातल्या पुस्तकातही नसेल असं मला वाटलं. मी ट्रायपॉड लावत होतो तेवढ्यात घरातून म्हातारी बाहेर आली.

"काय रं, कसला फोटू काढतंस?"

"आजी, या गोवऱ्यांचा."

"शेनीचा?" ती लाजून लाल झाली. "आरं, पावना फोटू काढाला आला न भीत आशी घान. थांब, साफ करतंय."

मी "नको नको" म्हणेपर्यंत म्हातारीनं दोन्ही हातांनी सपासप गोवऱ्या उपटायला सुरुवात केली. वयाच्या मानानं हात भलताच चपळ. मी एकीकडे तिला विनवत होतो, दुसरीकडे उरलेल्या भिंतीचे फोटो घेत होतो. प्रत्येक फोटोत पॅटर्न दोन रांगांनी कमी होत गेला. शेवटी भिंत कोरी झाली. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि कोऱ्या भिंतीपुढे उभी राहून म्हणाली, "आता काढ."

काका माझ्याकडेच पाहत होते. मी छत्तिसावा फोटो म्हातारीचा काढला. रोल संपला. गुंडाळून बाहेर काढला आणि सवयीनं डबी शोधायला लागलो. डबीत वेलदोडे होते. रोल तसाच शर्टाच्या खिशात टाकला.

रविवार, बदलापूर

आता माझ्याकडे लॅबमधून आणलेला, कागदात गुंडाळलेला, बारा फोटोंपुरत्या फिल्मचा एक छोटा रोल उरला होता. तो कॅमेऱ्यात भरला. माणसानं केलेले पॅटर्न खिशात होते, आता फक्त निसर्ग हवा होता, आणि निसर्ग कॅमेऱ्यापुढे येऊन हात जोडून उभा राहत नाही, म्हणून मी खुशीत होतो.

बदलापूरची हवा लागली की काका शेतकरी होतात. सोनिवलीच्या वाटेवर त्यांनी मला भाताचे कापणीनंतर उरलेले खुंट दाखवले, ओळीनं, जमिनीतून वर आलेले. आटलेल्या डबक्यातल्या चिखलाच्या भेगा दाखवल्या. बांधावर बसून आम्ही काकींनी दिलेल्या भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. समोर एक नवी इमारत उभी राहत होती, अजून खिडक्या न बसवलेली, नुसत्या चौकोनी भोकांच्या रांगा. तिचा एक आणि तिच्यापुढे रचलेल्या विटांचा एक, असे दोन फोटो काढले. निसर्गाचे पाच झाले होते.

सहावा हवा होता उल्हास नदीवरच्या लहरींचा. काठावरून लहरी सपाट दिसत होत्या, म्हणून मी एका दगडावर गेलो. मग दुसऱ्यावर. तिसरा दगड म्हैस निघाली. ती उठली.

मी पाण्यात पडलो, पण कॅमेऱ्याचा हात वर राहिला. बाबांची शिकवण: आपण मेलो तरी चालेल, कॅमेरा जगला पाहिजे. छातीभर पाण्यात उभा राहून मी म्हशीनं उठवलेल्या लहरींचा फोटो काढला. तो फार सुंदर आला. काढून झाल्यावर आठवलं, की छत्तीस फोटोंचा रोल शर्टाच्या खिशात आहे आणि खिसा पाण्यात आहे.

"पंचा देऊ का?" काठावरून काकांनी विचारलं.

रोल भिजला म्हणजे संपला असं नसतं. भिजलेली फिल्म अर्धवट वाळली की एकमेकीला चिकटते. म्हणून ती पाण्यातच ठेवायची आणि ओलीच लॅबमध्ये न्यायची, असं मी वाचलं होतं. घरी येऊन मी काकींच्या तांब्यात पाणी घेतलं, रोल त्यात बुडवला, वर झाकण ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवून दिला. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हशीचीही हकिकत सांगावी लागली असती, आणि ती काका आधीच अख्ख्या बराकीला सांगत होते.

सोमवार, पुन्हा उल्हासनगर

सकाळी उशिरा उठलो. सगळं अंग दुखत होतं. तांब्या पालथा घातलेला दिसला.

"काकी, यात माझा रोल होता."

"अरे देवा, त्याचंच तर," काकी म्हणाल्या. "पहाटे पाणी घ्यायला गेले तर तुझा रोल बुडालेला. कसा पडला असंल कुणास ठाऊक. तरी बरं माझ्या नजरेला पडला. मी लगेच अदीकडं दिला. वाळवण्यात तिचा हात धरणारं न्हाई कोण."

मी अनवाणी धावलो.

अंगणात गोपीबाई खाटेजवळ उभ्या होत्या, हातात कात्री. सगळी फिल्म त्यांनी नळकांड्यातून ओढून काढली होती. ती सारखी गुंडाळत होती म्हणून तिचे वीत-वीतभर तुकडे केले होते, अगदी एका मापाचे, आणि खाटेवर उन्हात मांडले होते. पापडांच्या दोन ओळी, फिल्मची एक ओळ. पुन्हा पापडांच्या दोन ओळी, फिल्मची एक ओळ. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक खडा.

"बहुत नरम हो गया था, पुट," त्या म्हणाल्या. "अभी देख, एकदम कड़क."

उजेड लागला की फिल्मवरचं सगळं जातं, हे मी त्यांना सांगितलं नाही. शटरं गेली, शिखर गेलं, मोरिवलीची भिंत गेली. ते मंदिरातलं कुटुंबही गेलं, दोन्ही वेळा श्वास रोखून. माझे डोळे भरून आले. गोपीबाईंना वाटलं, मी उपकारानं गहिवरलो. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पापड आणायला वळल्या. एवढ्यात वारा आला, शेवटचा तुकडा उचलला गेला आणि त्यांनी चटकन वाकून त्यावर बोटं ठेवली.

मला रडायचं होतं, पण डोळा दुसरंच पाहत होता. गोल पापड, चकाकणाऱ्या पट्ट्या, पट्टीच्या कडेची बारीक भोकं, खाली दोऱ्यांची वीण आणि खड्यांच्या लांब सावल्या. कॅमेऱ्यात चार फोटो शिल्लक होते.

"अदी, हलू नका," मी म्हणालो.

"इस बार मैं आयी?" त्यांनी विचारलं.

मी बटण दाबलं. चारही फोटो त्या एका खाटेचे काढले.

दुपारीच मुंबई गाठून फोटो धुतले. मंगळवारी देवस्थळी सरांनी बारा फोटो टेबलावर मांडले. बदलापूरचे आठ त्यांनी पत्ते सरकवावे तसे सरकवले. खाटेच्या तिसऱ्या फोटोवर थांबले. भिंग काढलं.

"ही फिल्म तुझीच?"

"हो सर. छत्तीस फोटो होते त्यात."

सरांनी भिंग एका कोपऱ्यावर नेलं. "आणि ही बोटं कुणाची? माणूस नको म्हटलं होतं ना?"

"सर, चेहरा नको म्हटलं होतं," मी म्हणालो. "ती बोटं नसती तर तुकडा उडाला असता."

सरांनी आणखी थोडा वेळ पाहिलं. मग वहीत माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि तो फोटो मला परत दिलाच नाही. तो दुसऱ्या दिवशी वर्गाच्या भिंतीवर लागला. माझं वर्ष वाचलं.

पंधरा दिवसांनी मी परत उल्हासनगरला गेलो. वाटेत आधी अंबरनाथला उतरून, पत्ता शोधून त्या कुटुंबाचा तिसऱ्यांदा फोटो काढला. बापानं आता श्वास रोखायचं सोडून दिलं होतं. मग मोरिवलीला गेलो. म्हातारीची भिंत पुन्हा गोवऱ्यांनी भरली होती, तरी मी फोटो तिचाच काढला. गोपीबाईंसाठी खाटेच्या फोटोची मोठी प्रत नेली होती. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"इसमें मैं किधर है?"

"ही बघा, तुमची बोटं."

"उंगली के लिए इतना बड़ा फोटो?" त्यांनी तो सुनेकडे दिला. सुनेनं तो पापडाच्या डब्याच्या तळाशी घातला, मापात बसला म्हणून.

तेव्हा मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. गोपीबाई, त्यांचे यजमान, दोन सुना, आणि कडेला बनसोडे काका-काकी. भर दुपारचं ऊन होतं. आणि मला कुणी न सांगता माझ्या तोंडून निघालं, "हनुवटी जरा वर, नजर इकडे, हं." काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हसले.

दोन्ही फोटो मी बाबांना पाठवले. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं.

"खाटेचा फोटो पाहिला. समजला नाही, पण सारखा बघावासा वाटतो. ग्रुप उत्तम. चेहरे स्वच्छ आलेत. बनसोड्यांचे डोळे मिटलेले आहेत. तू फ्लॅश वापरलेला दिसत नाही. हा फोटो त्यांना जरूर दे आणि माझा निरोप सांग, की वीस वर्षं मी निष्कारण बोल ऐकले."